पत्ता नको, माणूस मागा : सातारा-सांगलीत दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कशी शोधायची

पहिल्या दोन वेळा मी मीटिंगच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. खिशात पत्त्याची चिठ्ठी होती, वेळही बरोबर गाठली होती. पण इमारतीवर कसली पाटी नव्हती, आणि वॉचमननं विचारलं, "कुणाकडं जायचंय?" काय सांगणार? "कुणाकडं नाही," म्हणालो आणि वळलो. दोन्ही संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्तच प्यालो.

तिसऱ्या वेळी चिठ्ठी नव्हती, माणूस होता. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर रसवंतीपाशी उभा, फोनवर सांगितल्याप्रमाणे चॉकलेटी स्वेटर घातलेला. म्हणाला, "चला, आधी चहा घेऊ. मीटिंग कुठं पळून जात नाही." माझ्या हातात कप हिंदकळत होता. त्यानं काही न बोलता माझा अर्धा चहा आपल्या कपात ओतून घेतला. थरथरत्या हातात अर्धा कप सांडत नाही, हे त्याला स्वतःच्या हातांवरून ठाऊक होतं. त्या अर्ध्या कपावर मी आत गेलो. त्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली.

म्हणून माझा सल्ला शोधणाऱ्यांच्या नेहमीच्या सवयीपेक्षा जरा उलटा आहे. पत्ता शोधत बसू नका, तुम्हाला आत घेऊन जाणारा माणूस शोधा. तो कसा मिळतो ते पुढं सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट टाळता येणार नाही.

आधी डॉक्टर

रोज पिणारा माणूस, विशेषतः सकाळी उठल्यावर "हात स्थिर करायला" घ्यावी लागणारा, एकदम बंद करतो तेव्हा शरीर बंड करतं. थरथर, घाम, ओकाऱ्या, झोप उडणं हे पहिल्या दिवसातच सुरू होतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहीजण भ्रमात जातात. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, ताप चढतो, वेळ-काळाचं भान सुटतं. यात जीव जाऊ शकतो. गावाकडं याला "बाहेरचं झालं" म्हणून अंगारा लावत बसतात, आणि तेवढ्यात हातचा वेळ जातो.

तेव्हा बंद करण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटा आणि रोज किती घेता ते खरं सांगा. "कधीतरी घेतो" म्हणालात तर औषधाचा अंदाज चुकेल. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. केसपेपर काढताना मानसोपचार विभाग विचारायचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्या ओळीत तुमच्यासारखे बरेच भेटतील. डॉक्टर थरथर आणि फिट रोखणारी औषधं काही दिवस देतात आणि बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण दारूनं ते शरीरातून आटलेलं असतं. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

आणखी एक, घरच्या बायकांसाठी. "न सांगता भाजीत कालवून द्या, दारू सुटेल" अशी पुडी बाजारात मिळते. देऊ नका. दारूची उलटी प्रतिक्रिया आणणारं डायसल्फिरॅम नावाचं औषध खरोखर आहे, पण ते रुग्णाला सांगून, त्याच्या मर्जीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. माहीत नसलेल्या माणसानं त्यावर दारू घेतली तर रक्तदाब कोसळून प्रकरण जिवावर बेतू शकतं.

नेमकं काय शोधायचं

"व्यसनमुक्ती" या एका शब्दाखाली आपल्याकडं तीन-चार वेगळ्या गोष्टी येतात, आणि फोन करणारा तिथंच गोंधळतो.

एक म्हणजे केंद्र. तिथं महिना-दीड महिना राहायचं, पैसे भरायचे, डॉक्टर आणि समुपदेशक असतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीच्या कामासाठी जिल्ह्याला माहीत आहे. अशा संस्थांना विचारायचा प्रश्न असा : "राहून गेलेल्यांसाठी पाठपुराव्याचा गट कुठं भरतो, आणि तिथं राहिलो नसेन तरी येऊ शकतो का?"

दुसरी गोष्ट म्हणजे मीटिंग. पिणं सोडलेली किंवा सोडू पाहणारी माणसं आठवड्यातून ठरलेल्या वारी तास-दीड तास एकत्र बसतात आणि आळीपाळीनं आपलं सांगतात. यातली सर्वांत पसरलेली म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, बोलीत "ए.ए.". १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झालं. भारतात १९५७ पासून आहे. इथं डॉक्टर नाही, औषध नाही, फी नाही, हजेरीपट नाही. सभासद व्हायला एकच अट : दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असायची गरज नाही, इच्छा पुरते.

हेही सांगून ठेवतो, की ए.ए. ही दारूबंदीची चळवळ नव्हे. आपल्या भागात बाटली आडवी करायला मतदान झालेल्या गावांत हा गैरसमज फार आहे. गावात दुकान असावं की नसावं यावर ए.ए. बाजू घेत नाही. तुम्ही परमिट रूमचे मालक असाल तरी आत बसू शकता. आमच्या खोलीत एकजण होते.

तिसरी गोष्ट म्हणजे माळ. कुणी हसू नये. माझ्या मामांनी पंढरपूरला जाऊन माळ घातली, ती शेवटपर्यंत टिकली. मी औंधच्या यमाईची शपथ घेतली, ती पाच आठवडे टिकली. फरक देवात नव्हता. मामांना दर एकादशीला भजनाला बसायला दहा माणसं होती आणि त्यातला प्रत्येकजण विचारायचा, "काय, बरं हाय ना?" मला शपथेनंतर कुणीच विचारलं नाही. मीटिंगमध्ये मला ती दहा माणसं मिळाली.

फोन कुठं लावायचा

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे १४४४६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, टोल-फ्री. मनाची अवस्था वाईट असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर १४४१६, टेली-मानस. हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. या दोन्ही ठिकाणी तुमच्या जिल्ह्यात उपचार आणि गट कुठं आहेत ते विचारा.

ए.ए.चं भारतातलं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावर शहरवार मीटिंगांची यादी आणि संपर्क क्रमांक असतात. मोबाइलवर "अल्कोहोलिक्स अनॉनिमस" आणि पुढं "सातारा", "कराड", "सांगली" किंवा "मिरज" लिहून शोधा. यादीतली वेळ मात्र वेदवाक्य मानू नका. खोली बदलते, शाळेला सुट्टी लागते, वार बदलतो. यादीचा उपयोग फोन नंबरपुरता करा.

इंटरनेट जमत नसेल तर सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातल्या समाजसेवकाला गाठा. औषधाच्या रांगेत त्याचं टेबल बाजूला असतं, फार कुणी तिकडं जात नाही, आणि स्थानिक मीटिंगवाल्यांचे नंबर बहुधा त्याच्याच वहीत असतात. आमच्यापैकी कितीतरी जण त्या टेबलावरून आलेत.

एक सावधगिरी. फोनवर कुणी लगेच "पत्ता द्या, आमची गाडी पाठवतो, पेशंटला उचलून नेतो" म्हणालं तर ते मीटिंगवाले नव्हेत. मला एकदा असंच नेलं होतं. अंगणात गाडी, चार पोरं, शेजारीपाजारी बघतायत. एकवीस दिवस कोंडून ठेवलं, बाविसाव्या दिवशी मी स्टँडवर उतरून थेट दुकानात गेलो. त्या संस्थेचं नाव घेत नाही. केंद्र गाठायचंच असेल तर सरकारी नोंदणी आहे का, डॉक्टर कोण येतात, घरच्यांना भेटू देतात का, हे तिन्ही प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा.

फोनवर काय बोलायचं

इथं माणसं अडतात, म्हणून हा भाग लांबवतो. नंबर लावला, समोरून "हॅलो" आलं, की घशात दगड बसतो. मी दोनदा "राँग नंबर" म्हणून ठेवला होता. तेव्हा एक वाक्य कागदावर लिहून घ्या आणि सरळ वाचा : "मला दारूचा त्रास आहे, मीटिंगला यायचंय, पण एकट्यानं यायला जमत नाही." एवढंच पुरे. नाव सांगायची गरज नाही. कुठला, काय करतो, जात, पगार, कुणी विचारणार नाही आणि विचारलंच तर सांगू नका.

पुढचं संभाषण साधारण असं होतं :

"कुठनं बोलताय भाऊ?"

"कोरेगाव तालुक्यातनं."

"आज घेतलीय का?"

"हो. थोडी."

"असू दे. उद्या सकाळी नऊला मी फोन करू का तुम्ही करताय?"

"तुम्हीच करा."

या "तुम्हीच करा"ला लाजू नका. सकाळी नऊला समोरचा खरोखर फोन करतो. त्या फोनवर तीन गोष्टी ठरवा : कुठल्या ठिकाणी भेटायचं (मीटिंगच्या दारात नको, स्टँड, पेट्रोल पंप, मारुतीचं देऊळ चालेल), तो कसा ओळखू येईल, आणि मीटिंग संपल्यावर तुम्ही परत कसे जाणार. प्यायलेल्या अवस्थेत आलो तर चालेल का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर असं येतं, की या, गप्प बसून ऐका, दंगा करू नका, आणि बोलायचं ते पुढच्या वेळी. तरी गाडी चालवत येऊ नका.

बाई असाल तर पहिल्याच फोनवर सांगा, "एखाद्या महिला सभासदांशी बोलायचंय." आपल्या जिल्ह्यांत खोलीतल्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. पिणाऱ्या बायका कमी आहेत हे त्याचं कारण नव्हे, दाराशी पोचण्याची किंमत त्यांना कितीतरी जास्त पडते. इथं फोनवर होणाऱ्या मीटिंगा उपयोगी पडतात. कोरोनाच्या काळापासून मराठी-हिंदीत ऑनलाइन मीटिंगा भरतात. कॅमेरा बंद, नावाच्या जागी काहीही, आणि तुम्ही स्वयंपाकघरात कानात वायर घालून ऐकताय. समोरासमोर बसण्याची सर त्याला नाही, पण सुरुवात होते.

कुठलं गाव धरायचं

आपल्याच गावातली मीटिंग नको वाटणं अगदी साहजिक आहे. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत गेलात तर चार ओळखीचे भेटतात. तेव्हा साताऱ्याच्या माणसानं कराड धरावं, सांगलीच्या माणसानं मिरज. सातारा-कराड पन्नास-बावन्न किलोमीटर, एसटीनं तास-सव्वा तास. सांगली-मिरज जेमतेम दहा किलोमीटर, सिटी बस मिळते. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षकानं पहिलं वर्षभर तासगावहून मिरजेला जाणं पसंत केलं. घरी सांगायचा, "क्लास लावलाय." खोटं नव्हतं.

मात्र लांबची मीटिंग सहसा सहा महिन्यांवर टिकत नाही. पाऊस लागतो, भाडं वाढतं, कंटाळा येतो. लांबच्या मीटिंगला जाताजाता जवळच्या एखाद्या मीटिंगलाही हळूच जायला लागा. आणि भीती वाटत होती त्या ओळखीच्या माणसाबद्दल : तो खोलीत दिसला तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. मला माझ्या कंपनीतला स्टोअरकीपर दिसला. दोघंही क्षणभर दगड झालो, मग तो म्हणाला, "बसा, खुर्ची रिकामी आहे." कंपनीत आजवर आम्ही त्याचा उच्चार केलेला नाही.

खेड्यातल्यांनी शेवटच्या गाडीची चौकशी आधी करावी. मीटिंगा बहुधा संध्याकाळी असतात आणि आठ-साडेआठला सुटतात. मुक्कामी गाडी त्याआधी सुटत असेल तर तसं स्पष्ट सांगून अर्ध्यातून उठा. कुणी वाईट मानत नाही. स्टँडवर रात्री दोन तास मोकळं बसणं मात्र टाळा. स्टँडच्या आसपास काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

खोलीत

चपला बाहेर. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोलात किंवा दोन रांगांत. शाळेचा वर्ग असेल तर फळ्यावर दुपारचं गणित तसंच असतं. एकजण पुढं बसून सुरुवात करतो, काही वाचन होतं, मग एकेकजण नाव सांगून "मी मद्यपी आहे" म्हणतो आणि बोलतो. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. आपल्या पारावर अशी गप्प ऐकायची पद्धत नाही, त्यामुळं पहिल्यांदा फार विचित्र वाटतं. तुमची पाळी आली की "आज फक्त ऐकतो" एवढं म्हटलं तरी चालतं.

मध्ये पिशवी फिरते. खोलीचं भाडं आणि चहा सभासदांच्या खिशातूनच होतो, बाहेरची देणगी ए.ए. घेत नाही. नव्या माणसानं टाकलं नाही तरी चालतं. फोटो नाहीत, आधार कार्ड नाही. इथं कोण दिसलं, काय ऐकलं ते इथंच ठेवून जायचं, हा नियम दर वेळी वाचून दाखवतात.

मीटिंग "खुली" आहे की "बंद" ते आधी विचारून घ्या. बंद मीटिंगला फक्त पिण्याचा त्रास असलेलेच बसतात. खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, मित्र येऊ शकतो. पहिल्यांदा सोबत कुणी हवं असेल तर खुली धरा.

देवाच्या उल्लेखानं काहीजण बिचकतात. अंनिसचं काम या मातीत वाढलं, त्यामुळं आपल्याकडं हा प्रश्न हमखास येतो. दारू सोडण्यासाठी ए.ए. ज्या बारा पायऱ्या सांगतं, त्यांत देवाचा शब्द आहे हे खरं, पण "ज्याला जसा समजला तसा" अशी मोकळीक त्याच वाक्यात आहे. आमच्यातला एक पक्का नास्तिक म्हणतो, "माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे या सोळा खुर्च्या." तसंही जमलं नाही तर संस्थांचे पाठपुरावा गट आहेत, तिथं हा भाग असतो का ते आधी विचारा.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. एखाद्या खोलीत एकच आजोबा चाळीस मिनिटं बोलतात, एखाद्या ठिकाणी तीनच टाळकी असतात. किमान सहा मीटिंगा, जमल्यास दोन वेगळ्या खोल्यांतल्या, मग ठरवा. पहिल्या दिवशी निघताना दोन फोन नंबर घेऊनच बाहेर पडा. आणि पुढच्या वेळी दहा मिनिटं लवकर जाऊन खुर्च्या मांडू लागा. हातात काम असलं की पळून जाता येत नाही.

नंबर कधी वापरायचे

प्यावंसं वाटल्यावर नव्हे, त्याच्या आदल्या दिवशी. ऊसबिल खात्यावर जमा होणार, बोनस हातात पडणार, जत्रेचं बकरं पडणार, पाहुण्याची हळद आहे, एकतीस डिसेंबर आहे. तारखा सगळ्यांना माहीत असतात. पहिल्या वर्षी बिल जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी बँकेत जाण्याआधी त्या चॉकलेटी स्वेटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "पासबुक वहिनींकडं द्या आणि इकडं या, भजी खाऊ." मोठं तत्त्वज्ञान काही नव्हतं. असा रोज ज्याला फोन करता येईल, ज्याची दारू काही वर्षं सुटलेली आहे, तो पुढं तुमचा स्पॉन्सर होतो. पुरुषानं पुरुष निवडावा, बाईनं बाई, एवढा संकेत आहे.

घसरलात, तर दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला जा. आमच्यात "स्लिप" म्हणतात. त्यावर कुणी भाषण देत नाही, चहा देतात.

घरच्यांसाठी

तो यायला तयार नसेल तरी तुम्ही तुमच्यासाठी जाऊ शकता. पिणाऱ्यांच्या घरच्यांची अल्-अनॉन ही वेगळी संघटना १९५१ साली अमेरिकेत सुरू झाली, तिच्याही मीटिंगा आणि ऑनलाइन बैठका भरतात. मुक्तांगणचा बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. माझी बायको माझ्याआधी चार महिने जात होती. त्या काळात तिनं एकच बदल केला : माझ्या साहेबांना "ताप आलाय" असा फोन करणं थांबवलं. मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता.

तालुक्यात मीटिंगच नसेल तर

माण, खटाव, जत, आटपाडी इकडल्यांना हा प्रश्न खरोखरचा आहे. दारू सोडण्यासाठी दोन पिणारे एकत्र बसले तरी ए.ए.च्या परंपरेप्रमाणे तो गट होऊ शकतो. जवळच्या शहरातल्या गटाला फोन करून सांगा, "आमच्याकडं दोघं आहोत." पहिल्या काही वेळा तिकडून कुणीतरी येऊन बसतं, वाचनाची पुस्तकं देतं. जागा म्हणून शाळेची खोली मागायला मुख्याध्यापकांकडं जाताना नवा माणूस पाठवू नका, जुना पाठवा. वार एकच धरा आणि बाजाराचा वार टाळा. मंडई सुटल्यावर सगळे कुठं बसतात ते ठाऊक आहेच. आम्ही एका गावात अशी सुरुवात केली तेव्हा पहिले सात आठवडे मी आणि एक ट्रॅक्टर ड्रायव्हर, दोघंच होतो. तिसरी खुर्ची आम्ही दर वेळी मांडून ठेवायचो. आठव्या आठवड्यात फाटकाशी एकजण घुटमळताना दिसला, तेव्हा ड्रायव्हर उठला आणि कप घेऊन बाहेर गेला. अर्धाच भरलेला.